घासलेला नादकाटा

संगीतशाळेतली मुलं त्यांना काटेकाका म्हणत. स्वभावानं ते काही काटेरी नव्हते, उलट गरीब गाय. पण सदऱ्याच्या वरच्या खिशात, जिथं बाकीची माणसं पेन खोवतात, तिथं त्यांचा नादकाटा असायचा. पोलादाचा, वीतभर, वर दोन दांड्या आणि खाली धरायला बोटभर शेपूट. गुडघ्यावर आपटून कानाशी धरला की त्यातून एकच सूर निघायचा. त्या एका सुरावरून काका शाळेतले अकरा पियानो लावत. आधी एक तार काट्याशी जुळवायची, मग त्या तारेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. एका पियानोला दोनशेवर तारा. अकरावा संपेपर्यंत पहिला पुन्हा हलायला लागलेला असायचा. नांगरून झालेल्या रानात मागून तण उगवत यावं, तसलं काम. बारा महिने, संपणं नाही.

काका मूळचे सुतार. शाळेची बाकं दुरुस्त करायला आले होते, तेव्हा जुना मिस्त्री पियानो लावत बसला होता. रंधा थांबवून काका म्हणाले, "तेवढी एक राहिली तुमची." मिस्त्रीनं चिडून ती तार वाजवून बघितली, तर खरंच राहिली होती. मग त्यानं बाकं दुसऱ्या सुताराला दिली आणि ह्यांना तळघरात नेलं. सहा वर्षं हाताखाली ठेवलं. जाताना काटा हातात देऊन सांगितलं, "शाळेचा सूर म्हणजे हा. पियानो नव्हे, हा. ह्याच्या टोकांना कधी कानस लावू नकोस, टोक झिजलं की सूर चढतो. आणि गंज चढू देऊ नकोस."

काकांनी दोन्ही गोष्टी गाठीला बांधल्या. तळघर दमट. भिंतीला हात लावला तर हात ओला व्हायचा. गंज पहिल्यांदा धरायचा तो काट्याच्या बेचक्यात, जिथं दोन दांड्या एकमेकींना मिळतात तिथं. म्हणून दरवर्षी मोठ्या सुट्टीच्या पहिल्या सोमवारी काका घरी ओट्यावर स्वच्छ फडकं पसरत, पॉलिशपेपरची बारीक घडी करत आणि ती बेचक्यातून मागेपुढे ओढत बसत. टोकांना चुकूनही धक्का लागू द्यायचे नाहीत. तांबूस भुकटी फडक्यावर पडायची. बेचकं चांदीसारखं झालं की शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लावून, फडक्यानं पुसून, काटा परत खिशात.

बायको म्हणायची, "एवढं मला कधी पुसलं असतंत तर मीही चकाकले असते."

"तुला गंज कुठं चढतोय," काका म्हणायचे. "तू रोज घासून घेतेस आम्हाला."

असं एकतीस वर्षं चाललं.

त्या काट्याचा शाळेत दरारा होता. एकदा बाहेरगावचा एक व्हायोलिनवाला पाहुणा म्हणून वाजवायला आला. पियानोशी जुळवताना कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "तुमच्याकडं जरा खाली लावतात का?" काकांनी काटा गुडघ्यावर आपटला, पियानोच्या लाकडाला टेकवला आणि तीच पट्टी दाबली. दोन्ही सूर असे मिळाले की मध्ये केस घालायला जागा नाही. काट्याच्या शेपटावर कोरलेला आकडा काकांनी पाहुण्याच्या डोळ्यांपुढं धरला. चारशे चाळीस. सेकंदाला तेवढी कंपनं, सगळ्या जगाचा ठरलेला सूर. पाहुण्यानं मुकाट्यानं तारा सैल केल्या आणि जाताना माफी मागून गेला.

नवे पियानो यायचे तेही चढे असायचे. काका म्हणत, "नवी सून आहे. चार महिने लागतील घरचं वळण लागायला." आणि उतरवून घेत. बासरी शिकवणाऱ्या बाईंचं तर दुकानदाराशी उभं वैर होतं. नवी बासरी आली की ती पियानोपेक्षा चढीच बोलायची. बाई तिचा सांधा बोटभर बाहेर ओढून ठेवत आणि दुकानदाराला दर सालाला एक खरमरीत पत्र धाडत. शाळेतले बहुतेक शिक्षक शाळेतच शिकलेले. डबक्यातलं पाणी सगळं एका पातळीत असतं, त्यातल्या माशाला उतार कुठून कळणार?

काकांना लेक एकच. ती चालायला लागली तेव्हापासून तळघरात. आई कामाला जायची, म्हणून बाप तिला मोडक्या पियानोच्या खोक्यात बसवून तारा लावायचा. सात वर्षांची असताना काका खेळ करत. काटा न वाजवताच विचारत, "काट्याचा सूर कुठाय?" पोरगी डोळे मिटून "आऽऽ" करायची. मग काका काटा वाजवून बघत. केसभर फरक नसायचा. शेजारच्या खोल्यांतले शिक्षक हे बघायला येत. हजारात एखाद्याच्याच कानात सूर असा रुतून बसतो, म्हणत. आवाजही तसाच, भरलेला. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ही गाणार.

अठराव्या वर्षी ती राजधानीतल्या मोठ्या गायनविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला गेली. तीन परीक्षक. पियानोवर सूर द्यायचे, मग पियानो थांबवून नुसतं गायला लावायचे आणि गाणं संपलं की पियानोवर शेवटचा सूर वाजवून बघायचे, गाणारा जागेवर आहे की सरकला. लेक सरकली होती. पुन्हा गायला लावलं, पुन्हा तेवढीच सरकली. कागदावर लिहून दिलं, "आवाज उत्तम. सूर धरवत नाही. उतरतो."

घरी आल्यावर काकांनी तिला समोर उभं केलं. तेच गाणं, तसंच नुसतं. संपल्यावर काटा वाजवला. पोरगी नेमकी जागेवर. चार वेळा केलं, चारही वेळा जागेवर.

काका विचारात पडले. घरी बरोबर आणि तिथं चूक, ह्याचा अर्थ एकच. "सुरात खोट नाही हिच्या," ते म्हणाले. "जिगर नाही. चार माणसं बघितली की गळा आवळतो."

"बाबा, मी घाबरले नव्हते," लेक म्हणाली.

"तसं कळत नाही माणसाला."

पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली आणि तोच शेरा घेऊन आली. तेव्हा घरात आत्या, मावशी, त्यांची माणसं जमलेली होती. काय झालं म्हणून कुणीतरी विचारलं. काका जेवता जेवता म्हणाले, "व्हायचंय काय. घाबरट आहे आमची. वाघाचं कातडं नि सशाचं काळीज." सगळे हसले. बायकोही हसली. लेक उठून आत गेली. त्यानंतर ती कुणापुढं गायली नाही. एकटी असताना गात असेल तर ते कुणाला ठाऊक नाही.

घाबरट हे बिरूद तिला गोचिडीसारखं चिकटलं. नोकरीच्या मुलाखतीला निघाली की मावशी सांगायची, घाबरू नकोस हं. लग्न ठरून मोडलं तेव्हाही आत्या म्हणाली, मुळात स्वभावच भित्रा. शेवटी शाळेतच ऑफिसात लागली. कागदपत्रं, वेळापत्रकं, पुढं कॉम्प्युटर आले ते सगळे तीच सांभाळायची. बापलेक सकाळी एकाच वेळी घरातून निघत, एक पायऱ्या चढून ऑफिसात जायची, एक पायऱ्या उतरून तळघरात. मधे बोलणं म्हणाल तर "डबा घेतला का" एवढंच.

काकांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते, तेव्हा शाळेत टॅब आले. प्रत्येक सरावखोलीत एक. पाटीएवढा काचेचा तुकडा, भिंतीला लावलेला. मूल वाजवायला किंवा गायला लागलं की तो ऐकायचा आणि काचेवर एक रेघ धावायची. सूर बरोबर असला तर हिरवी, चुकला तर लाल. शिक्षक एक आणि मुलं तीस, तर सरावाच्या वेळी कुणीतरी कान देणारं असावं म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खटपट करून ते मिळवले होते. वर्षाची परीक्षाही त्याच्यावरच व्हायची होती. बसवणारे आले, बसवून गेले, आणि यंत्रं समजून घ्यायचं काम ऑफिसातल्या ताईकडं, काकांच्या लेकीकडं, आलं.

पहिल्या दिवशी सगळ्या खोल्यांत लाल. पियानो लाल, व्हायोलिन लाल, गाणारी मुलं लाल. एक लहान मुलगी रडत बाहेर आली, म्हणाली, मला काहीच येत नाही. सगळ्यांत गुणी मुलगा वाजवायला बसला, तर त्याचीही रेघ लाल.

शिक्षक कॉरिडॉरमध्ये जमले. बासरीवाल्या बाई म्हणाल्या, "चारशे मुलं, चौदा शिक्षक, अकरा पियानो. एवढे सगळे खोटे आणि ही पाटी एकटी खरी?"

"बहिरं आहे ते," काका म्हणाले. "कान नाही त्याला. असता तर बोललं असतं, रेघा कशाला ओढत बसलं असतं."

सगळे हसले. मोठ्या बाईंनी कंपनीला फोन लावायला सांगितला. लेकीनं लावला. तिकडचा माणूस म्हणाला, यंत्र ठीक आहे, तुमची वाद्यं तपासून घ्या. हे ऐकून काका दिवसभर खूश होते. आमची वाद्यं तपासा म्हणतोय, असं त्यांनी जेवताना दोनदा बोलून दाखवलं.

दोन दिवसांनी दुपारी लेक तळघरात उतरली. हातात टॅब. ती तळघरात येऊन कैक वर्षं झाली होती.

"बाबा, काटा द्या जरा."

काका काटा कुणाच्या हातात देत नसत. त्यांनीच गुडघ्यावर आपटला आणि टॅबपुढं धरला. काचेवर काट्याचं चित्र होतं, वजनकाट्यासारखं. त्याची सुई मधल्या खुणेवर न जाता डावीकडं जाऊन थांबली. खाली आकडा आला, चारशे बत्तीस.

"बघ," काका म्हणाले. "सांगितलं ना बिघडलंय म्हणून."

लेक पुन्हा वाजवा म्हणाली. पुन्हा तेच. ती आकड्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं काट्याकडं बघितलं. "मी करते काहीतरी," एवढं म्हणून वर निघून गेली.

काकांनी मनातून विषय झटकला, पण तो काही जाईना. सुताराच्या बोटात कुसळ गेल्यासारखं झालं. दिसत नाही आणि हात लावला की सलतं. तिसऱ्या दिवशी ते शेजारच्या शाळेत गेले. तिथल्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेत नादकाटे असतात, हे त्यांना माहीत होतं.

प्रयोगशाळेचा शिपाई खुर्चीवर पेपर वाचत होता. म्हणाला, "काटे? असतील की. मास्तरांनाही माहीत नाही कुठं ठेवलेत." कपाटाची तीन कुलपं उघडून त्यानं एक लाकडी पेटी काढली. आत मखमल, मखमलीत काटे निजलेले. एकावर चारशे चाळीस कोरलेलं. वर बोटभर धूळ, बेचक्यात हलका तांबूस डाग.

"कुणी पुसत नाही वाटतं," काका म्हणाले.

"वापरतंय कोण पुसायला."

काकांनी एका हातात आपला काटा घेतला, एका हातात तो. दोन्ही टेबलाच्या कडेवर आपटले आणि शेपटं लाकडाला टेकवली.

दोन सूर जवळ असून एक नसले की त्यांतून हेलकावा येतो. मोठा, बारीक, मोठा, बारीक. काकांची सगळी विद्या म्हणजे तो हेलकावा ऐकायची. तार पिळत जायची, हेलकावा संथ होत जातो, संथ होत होत थांबला की तार लागली. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही ऐकलं नव्हतं. आता टेबलातून जो हेलकावा आला तो फडफडत होता, पिंजऱ्यात पाखरू सापडावं तसा. काकांनी मोजला. एका सेकंदाला आठ. चारशे चाळीस आणि चारशे बत्तीस. काचेच्या पाटीनं सांगितलं तेच त्यांच्या कानानं सांगितलं. आणि त्या कानाला ते बहिरा म्हणू शकत नव्हते.

तेवढ्यात विज्ञानाचे मास्तर आले. तरुण होते, चुणचुणीत. त्यांनी काकांचा काटा हातात घेऊन बघितला. काकांना तो द्यायचा नव्हता, पण दिला गेला.

"काका, हा बेचक्यात केवढा खाल्लाय. कुणी घासला?"

"गंज काढायला," काका म्हणाले. "टोकांना नाही लावला हात कधी."

"टोकाला घासलं की सूर चढतो. बेचक्यात घासलं की उतरतो. तिथली कंबर बारीक झाली की दांड्या सावकाश हलतात." मास्तर सहज बोलत होते. "आमच्या नववीच्या पोरांना परीक्षेत येतो हा प्रश्न."

काका काटा घेऊन बाहेर आले. रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर बसले. जुन्या मिस्त्रीनं अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी त्यालाही ठाऊक नसणार. आणि ह्यांनी त्या अर्ध्या विद्येवर एकतीस वर्षं इमानानं पॉलिशपेपर ओढला होता. वर्षाला केसभर सूर उतरला. केसभर उतरलेल्या काट्यावरून अकरा पियानो उतरवले. कुंपणच शेत खात होतं आणि राखणदार रोज कुंपणाला तेल लावत होता.

ह्या गोष्टीचं त्यांना फारसं काही वाटलं नाही, म्हणजे वाटलं, पण सोसण्यासारखं. तार उतरते, पुन्हा चढवता येते. पण पायरीवर बसल्या बसल्या त्यांना तो कागद आठवला. "सूर धरवत नाही. उतरतो." तिथला पियानो जगाच्या सुरात होता. पोरगी त्या सुरावर सुरुवात करायची आणि गाता गाता आपल्या कानात रुतलेल्या सुराकडं, बापाच्या काट्याकडं, परत यायची. वासरू संध्याकाळी घराकडं वळतं तसं. घरी काटा आणि ती दोघं एकाच खोट्या सुरात होती, म्हणून बरोबर वाटली. काकांनी काट्यावरून पोरीला तपासलं. पोरीवरून काट्याला तपासायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

ती घाबरली नव्हती. हे ती तेव्हाच म्हणाली होती.

दुकानदारानं पाणी हवं का विचारलं. काका नको म्हणाले आणि उठले.

शाळेत परतले तर कॉरिडॉरमध्ये आनंदीआनंद. सगळ्या खोल्यांत हिरव्या रेघा. बासरीवाल्या बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या लेकीनं त्या पाटीचा कान पिळला बघा. आता सरळ आलीये." मोठ्या बाईंनी त्यांना आत बोलावलं. लेक तिथंच होती.

"यंत्रात एक आकडा बदलता येतो म्हणे," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी दार लोटून घेतलं. "चारशे चाळीसच्या जागी ताईनं चारशे बत्तीस घातलंय. त्यांनी मला सगळं सांगितलं. काका, तुमचे तीन महिने राहिलेत. एकतीस वर्षांच्या नोकरीवर आता डाग कशाला? तुम्ही मानानं जा. मग नवा माणूस येईल, तो हळूहळू चढवत नेईल. कुणाला कळणारही नाही."

काकांनी लेकीकडं बघितलं. ती टॅबच्या वायरीची गुंडाळी करत होती.

"बाई, दोन मिनिटं आम्हाला द्या," काका म्हणाले. मोठ्या बाई समंजस होत्या, बाहेर गेल्या.

"तुला कधी कळलं?"

"परवा. तळघरात. आकडा आला तेव्हाच."

"सगळं कळलं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू?" लेक म्हणाली. "आता सदतिसाव्या वर्षी प्रवेशपरीक्षेला बसू?"

 हातातला काटा काका उगाच फिरवत राहिले. "मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

"सुराचं ठाऊक नव्हतं, ते मी समजू शकते. ते कुणालाच नव्हतं." तिनं वायर खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "मी सांगत होते, मी घाबरले नाही. तुम्ही काट्याचं ऐकलंत. आणि जेवताना सगळ्यांपुढं बोललात ते. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही, बाबा. सूर वगैरे जाऊ दे."

"आणि तरी तू हा आकडा बदललास. माझ्यासाठी."

"मोठ्या बाईंनी विचारलं, बदलता येतो का. येतो म्हटलं." तिनं वायर पुन्हा उचलली. "तुम्हाला तळघरातून मान खाली घालून जाताना बघायचं नव्हतं मला. बस."

काका खुर्चीवर बसले. गप्प राहिले असते तर तीन महिन्यांनी हार-तुरे होते, भाषणं होती. कुणाला कळणार नव्हतं हे खरंच. परीक्षेचं कळलं होतं ते एकीला, आणि ती बोलणार नव्हती. न बोलायची तिला सवयच लावलेली होती.

"आकडा परत चारशे चाळीस कर," ते म्हणाले.

"सगळं लाल होईल."

"होऊ दे."

दुसऱ्या दिवशी शिक्षकांची सभा होती. काका सभेला कधी बोलत नसत, मागं भिंतीला टेकून उभे राहत. त्या दिवशी पुढं आले. टेबलावर आपला काटा ठेवला आणि शेजारच्या शाळेतून मागून आणलेला काटाही ठेवला. दोन्ही वाजवून शेपटं टेबलाला लावली. चौदा जणांनी ती फडफड ऐकली. संगीताची माणसं, सांगायला लागलं नाही.

"यंत्र बरोबर आहे," काका म्हणाले. "हा काटा मी घासून घासून उतरवला. मला अक्कल नव्हती. तुमची वाद्यं, तुमची मुलं, सगळी ह्याच्यामागून खाली आली. दोष माझा." एवढं बोलायला त्यांना वेळ लागला, पण ते थांबले नाहीत. "आणखी एक. माझी लेक गायच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. ती घाबरट आहे असं मी सांगत फिरलो. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्याच तोंडून ऐकलंय. ती घाबरली नव्हती. तिचा सूर माझ्या काट्याचा होता, म्हणून ती सरकली. घाबरट म्हणालो ते खोटं होतं."

दाराजवळ हजेरीचं रजिस्टर घेऊन लेक उभी होती. तिनं मान वर केली नाही. रजिस्टर टेबलावर ठेवून ऑफिसात गेली.

 मग बासरीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "त्या दुकानदाराला मी वीस पत्रं लिहिलीत हो." पण हसलं कुणी नाही.

घरी काकांनी बायकोला सांगितलं. ती ऐकत ऐकत पीठ मळत होती. ऐकून झाल्यावर हात तसेच परातीत ठेवून बसली. दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ट्रंकेतून ते दोन कागद काढून आणले, परीक्षकांचा शेरा असलेले, आणि म्हणाली, "त्या दिवशी मीही हसले होते." मग आत्याला आणि मावशीला फोन लावला आणि काकांच्या हातात दिला. "बोला. मला सांगितलंत तसंच सांगा." काका बोलले. आत्या पलीकडून म्हणाली, एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय. काका म्हणाले, "जुनी म्हणूनच सांगतोय."

उरलेल्या तीन महिन्यांत अकरा पियानो चढवायचे होते. सोपं नव्हतं. उतरलेल्या तारेला उताराची सवय झालेली असते. एकदा चढवली की आठ दिवसांत परत खाली येते, म्हणून प्रत्येक पियानो दोनदा. जुन्या तारा तुटत. तुटली की चाबकासारखी उडे. एक काकांच्या मनगटावर बसली, चांगला वळ उठला. काट्यावर आता भरवसा नव्हता, म्हणून टॅब पियानोवर ठेवून, सुईकडं बघत तार पिळायची किल्ली फिरवायची. पण किल्ली फिरवताना मान वाकडी होते आणि म्हाताऱ्याला सुई दिसेना. चौथ्या दिवशी लेक ऑफिसचं काम आटपून खाली आली आणि टॅबपुढं स्टूल ओढून बसली.

"वर," ती म्हणायची. काका किल्ली फिरवायचे. "अजून वर. थोडं. झालं."

रोज दुपारी दोन तास. दुसरं काही बोलणं नाही. वर, अजून, झालं. पाचव्या पियानोपाशी काका म्हणाले, "तुला कशाला लागतो टॅब? तुझ्या कानात..." आणि मधेच थांबले.

"काट्याबरोबर माझा कानही उतरत आला, आता त्यात चारशे बत्तीसच आहे," लेक म्हणाली. "सुई मधे येते तेव्हा मला तो चढाच लागतो, बाबा. प्रत्येक वेळी. रेडिओ लावला तरी. मला वाटायचं माझाच कान वाईट."

"जाईल का ते?"

"नाही जायचं आता." ती सुईकडं बघत होती. "वर. अजून."

काकांनी किल्ली फिरवली.

शेवटचा पियानो झाला त्या दिवशी बासरीवाल्या बाई धावत खाली आल्या. बासरीचा सांधा पुरता मिटलेला होता, बोटभर बाहेर ओढलेला नव्हता. त्यांनी सूर लावला आणि काकांनी पट्टी दाबली. हेलकावा नव्हता. बाई म्हणाल्या, "आता दुकानदाराला एकविसावं पत्र."

निवृत्तीचा समारंभ झाला, साधाच. हार नको म्हणाले होते, तरी एक घातला. नव्या मिस्त्रीच्या हातात काकांनी किल्ली दिली, नवा काटा दिला, आणि सांगितलं, "गंज चढला तर चढू दे. पुसायचा तर नुसत्या फडक्यानं." जुना काटा खिशातच होता. घरी आल्यावर तो मोडीत द्यावा म्हणून त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी लेक डबा उलटा करून तो शोधत होती. काका दारात उभे राहून बघत होते.

"कशाला हवाय तो? खोटा आहे."

"मला हवाय." तिनं काटा पुसला, फक्त फडक्यानं. "जगात माझ्या सुराशी मिळणारं एवढं एकच उरलंय."

तिनं तो गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. मग डोळे मिटून सूर लावला, हलकाच. आई ओट्यापाशी काम थांबवून उभी राहिली. काकांना तो खाली वाटला नाही आणि वरही वाटला नाही. त्यांचा हात सवयीनं वरच्या खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता.

"बाबा," लेक म्हणाली, "आता ह्याला घासायचं नाही."

"नाही," काका म्हणाले.